शाँताल: एका फ्रेंच नावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात फ्रेंच शिकवताना पहिल्या दोन-तीन तासांत फ्रेंच माणसांची नावं येतातच, आणि शाँताल हे नाव आलं की वर्गात चुळबुळ होते. कुणाला ते शांता वाटतं, कुणाला शांतला. कुणी मोबाईलवर शोधून सांगतं, ‘मॅडम, याचा अर्थ गाणं’. मला या नावाविषयी फार जिव्हाळा आहे, कारण एका दगडापासून निघून किती लांबचा प्रवास करून ते मुलींच्या पाळण्यापर्यंत पोचलं आहे! वर्गात, नातेवाइकांत आणि बाळाचं नाव शोधणाऱ्या आईबापांकडून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवते.

शाँताल या नावाचा अर्थ काय?

मुळात दगड. दक्षिण फ्रान्समध्ये बोलल्या जाणाऱ्या ऑक्सितान भाषेत ‘कांताल’ म्हणजे मोठा दगड, धोंडा. त्यावरून खडकाळ जागांना हे नाव पडलं आणि त्याच कुळातून ‘शाँताल’ हे जागेचं नाव आलं, असं नावांचे अभ्यासक मानतात. पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात शाँताल नावाची एक छोटी जहागीर होती. मुलींचं नाव थेट त्या दगडावरून आलेलं नाही. ते आलं जहागिरीवरून, आणि जहागिरीचं नाव पाळण्यापर्यंत गेलं ते एका विधवा बाईमुळे. तिची गोष्ट पुढे सविस्तर सांगते, कारण या नावाचा खरा अर्थ मला तिथेच सापडतो.

पण सगळीकडे तर ‘गाणं’ असा अर्थ दिलेला असतो?

हो, आणि तो चुकीचा आहे. फ्रेंचमध्ये ‘शाँ’ म्हणजे गाणं आणि ‘शाँते’ म्हणजे गाणं म्हणणं. कानाला साम्य इतकं आहे की खुद्द फ्रेंच माणसालाही तसं वाटतं. पण ‘गाणं’ हा शब्द लॅटिन ‘कांतुस’पासून आला. जागेच्या नावातला दगड त्या घराण्यातला नाही. गाण्याचा अर्थ नंतर लोकांनी कानावरून लावला आणि नावांच्या याद्या छापणाऱ्यांनी तो एकमेकांकडून उचलला.

एखाद्या शाँतालच्या आईने ‘गाणं’ म्हणून हौसेने हे नाव ठेवलं असेल, तर तिची हौस खोटी ठरत नाही. मात्र व्युत्पत्ती विचारली तर उत्तर दगडच द्यावं लागतं.

‘कांताल’चं ‘शाँताल’ कसं झालं?

हा माझा आवडता प्रश्न आहे. लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला ‘का’ असेल, तर उत्तरेकडच्या फ्रेंचमध्ये त्या ‘क’चा आधी ‘च’ झाला आणि पुढे ‘श’. दक्षिणेकडच्या बऱ्याच बोलींत मात्र ‘क’ तसाच राहिला. लॅटिन ‘काप्रा’ म्हणजे शेळी, दक्षिणेत ती ‘काब्रा’ राहिली आणि फ्रेंचमध्ये ‘शेव्र’ झाली. ‘कांपुस’ म्हणजे मैदान, त्याचं फ्रेंचमध्ये ‘शाँ’ झालं. ‘कास्तेल्लुम’ म्हणजे गढी, तिचं ‘शातो’ झालं. शाँतालचा ‘श’ हा याच नियमातला. आपल्याकडे ‘क्षेत्र’चं ‘शेत’ झालं आणि ‘क्षीर’ची ‘खीर’ झाली, तसेच हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडात घडलेले बदल आहेत.

‘क’ टिकवून ठेवलेलं रूपही नकाशावर आहे. मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य भागात कांताल नावाचा जिल्हा आहे, त्याच नावाचं ज्वालामुखीतून तयार झालेलं डोंगररान आहे आणि तिथलं सर्वांत उंच शिखर 1,855 मीटरचं आहे. कांताल नावाचं चीजही तिथलंच. ते खाताना मला या नावाची आठवण येतेच.

मग मुलीला ‘दगड’ नाव ठेवायचं?

हा प्रश्न विचारताना लोकांचा चेहरा पडतो, म्हणून सांगते. आपल्या घराघरांत शैला आहेत. शैल म्हणजे डोंगर, खडक. शैलजा, गिरिजा, पार्वती या सगळ्या पर्वताच्या मुली. ख्रिस्ती परंपरेत तर पीटर या नावाचा अर्थच खडक. फ्रेंचमध्ये त्याचं ‘पिएर’ झालं, आणि फ्रेंच भाषेत साध्या दगडालाही ‘पिएर’च म्हणतात. गोव्यात त्याच नावाचा पेद्रू झाला. दगड हा टिकण्याचा, पाया होण्याचा शब्द आहे. शाँतालला मराठीत जवळचं नाव शोधायचं झालं, तर मी शांता म्हणणार नाही, शैला म्हणेन.

जागेचं नाव मुलीचं नाव कसं झालं?

आता त्या बाईंची गोष्ट. झान-फ्रांस्वाज फ्रेमियो 1572 साली दिजाँ शहरात जन्मली. वडील बर्गंडीच्या उच्च न्यायसभेचे अध्यक्ष. आई ती अगदी लहान असतानाच गेली. 1592 साली, विसाव्या वर्षी, तिचं लग्न क्रिस्तोफ द राब्युताँ यांच्याशी झालं. ते शाँतालचे बॅरन, म्हणजे त्या जहागिरीचे धनी, म्हणून ती झाली बॅरन द शाँतालची बायको. संसार सुखाचा होता. कर्जात रुतलेली जहागीर तिने स्वतः हिशेब बघून सावरली. दारावर येणाऱ्या गरिबांना ती स्वतःच्या हाताने वाढायची.

1601 साली शिकारीत अपघाताने गोळी लागून नवरा गेला. ती तिशीच्या आतली, पदरात चार मुलं. त्यानंतरची काही वर्षं तिने सासऱ्यांच्या घरी काढली. सासरे तापट होते आणि घराचा सगळा कारभार एका मोलकरणीच्या हातात होता. सुनेला तिथे मान नव्हता. वारसा हातचा जाऊ नये म्हणून मुलांसाठी ती ते सगळं सोसत राहिली. ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा काही मुली एकदम गप्प होतात. चारशे वर्षांपूर्वीचं बर्गंडी त्यांना आपल्या आजीच्या घरासारखं वाटायला लागतं.

1604 साली दिजाँमध्ये तिने फ्रांस्वा द साल या बिशपचं प्रवचन ऐकलं. दोघांची मैत्री झाली, पत्रव्यवहार वाढला. 1610 साली आन्सी गावात त्यांनी मिळून धर्मभगिनींचा एक नवा संघ सुरू केला. त्याला ‘भेटी’चं नाव दिलं. येशूची आई मरिया गरोदर असताना आपल्या नातलग अलीशिबेच्या मदतीला तिच्या घरी गेली, ती भेट. त्या काळच्या कडक मठांत वय झालेल्या, अशक्त, आजारी बायकांना जागा मिळणं कठीण होतं. या संघाने त्यांच्यासाठी दार उघडलं, विधवांसाठीही उघडलं.

घर सोडतानाचा प्रसंग फार प्रसिद्ध आहे. तिचा किशोरवयीन मुलगा उंबरठ्यावर आडवा पडला आणि म्हणाला, जायचं तर मला ओलांडून जा. ती रडली आणि ओलांडून गेली. काहींना हा त्याग वाटतो, काहींना निष्ठुरपणा. मला त्यात त्या मुलाचंही दुःख दिसतं, आणि या बाईच्या चरित्राने ते लपवलेलं नाही याचा आदर वाटतो. तिने मुलांना वाऱ्यावर सोडलं नव्हतं. मोठ्या मुलीचं लग्न झालं होतं, मुलगा आजोबांकडे राहिला, आणि पुढेही ती त्यांच्यासाठी धावत राहिली. तो मुलगा 1627 साली इंग्रजांशी लढताना मारला गेला.

ती 1641 साली वारली तेव्हा या संघाचे ऐंशीहून जास्त मठ झाले होते. 1751 साली चर्चने तिला धन्य घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी, आणि 1767 साली पोप क्लेमेंट तेरावे यांनी संतपद दिलं. लोकांच्या तोंडी ती होती ‘शाँतालची संत झान’. झान नावाच्या संत बऱ्याच. वेगळेपणा ‘शाँताल’ या शब्दात. म्हणून भक्तांनी मुलींना तोच शब्द द्यायला सुरुवात केली. आधी मुख्य नावाच्या मागे जोडून, आणि पुढे तो एकटाही नाव म्हणून चालू लागला.

हे विचित्र नाही का? आडनावाचं नाव?

फ्रेंच कॅथलिकांत हे नेहमीचं आहे. रेजिस, गोंझाग, व्हियानी ही मुलांची नावं अशाच संतांच्या आडनावांवरून किंवा घराण्यांवरून आली.

आणि याचं सर्वांत मोठं उदाहरण तर आपल्या शेजारी, जुन्या गोव्यात आहे. फ्रान्सिस झेवियर. ‘झेवियर’ हे त्यांच्या घराण्याच्या गढीचं नाव. स्पेनमधल्या नाव्हारा प्रांतात ती आजही उभी आहे. बास्क भाषेत त्या नावाचा अर्थ ‘नवं घर’. ते 1542 साली गोव्यात आले, त्यांचं शव बॉम जेझूस बासिलिकात आहे आणि गोवेकर त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात. त्या एका माणसामुळे एका गढीचं नाव गोव्यात आणि वसईत किती मुलांना मिळालं! शाँताल आणि झेवियर ही एकाच वाटेने आलेली नावं आहेत. जागा, मग घराणं, मग संत, मग बाळ.

आपल्या हिंदू घरांत संतांचं नाव ठेवतात, ज्ञानेश्वर, नामदेव, मुक्ता. त्यांच्या आडनावाचं नाव कुणी ठेवत नाही. पण जागेचं नाव मुलीला देण्याची चाल आपल्याला नवी नाही. काशीबाई, मथुराबाई, द्वारकाबाई, गयाबाई कुठून आल्या? माझ्या आजीच्या पिढीत प्रत्येक वाड्यात त्यांतली एखादी असायचीच. फरक इतकाच की काशी स्वतःच पवित्र होती, शाँताल मात्र त्या बाईमुळे पवित्र झालं.

उच्चार नेमका कसा करायचा? चांटल, शँटेल की शांताल?

सुरुवातीला ‘श’, कारण हे नाव रोमन लिपीत ‘सी-एच’ने सुरू होतं आणि फ्रेंचमध्ये ती दोन अक्षरं मिळून ‘श’च होतात. ‘च’ कधीच नाही. मग नाकातून निघणारा ‘आँ’. त्यानंतर दातांवर जीभ टेकवून म्हटलेला ‘त’. इथे मराठी माणसाचा मोठा फायदा आहे, कारण फ्रेंचांचा ‘त’ आपल्या ताटातला ‘त’ आहे, टोपीतला ‘ट’ नाही. शेवटी ‘आल’, आणि थोडा जोर त्यावर.

अवघड जातो तो ‘आँ’. ‘शांताल’ लिहिलं की आपण अनुस्वाराचा सरळ ‘न्‌’ करतो आणि ‘शान्ताल’ म्हणतो. फ्रेंचमध्ये तिथे ‘न्‌’ नाही. जीभ कुठेही टेकत नाही, फक्त स्वर नाकातून जातो. कोकणी बोलणाऱ्यांना हे सहज जमतं, कारण त्यांच्या भाषेत असे स्वर आजही जिवंत आहेत. प्रमाण मराठीतून ते गेले. ‘केलें’, ‘तें’ यांवरचे अनुस्वार त्यांचीच खूण होती, आणि 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते लिहिणंही थांबलं. घरात कुणी चित्पावनी बोलणारं असेल तर त्यांना हे नाव म्हणायला सांगा. म्हणून मी ‘शाँताल’ असं चंद्रबिंदू देऊन लिहिते. वर्तमानपत्रात ‘शांताल’ छापलं तर ते चूक म्हणणार नाही.

शांता, शांतला या नावांशी काही नातं?

काहीच नाही. ‘शांता’ संस्कृत ‘शम्‌’ धातूची, आणि होयसळांची राणी शांतलादेवी कर्नाटकातली, बाराव्या शतकातली. कानाला जवळ आहेत, एवढंच. पॅरिसजवळचं शाँतियी गाव, ज्याच्या नावाने गोड फेटलेली साय प्रसिद्ध आहे, तेही वेगळं.

मादाम द सेविन्ये यांचा या नावाशी काय संबंध?

त्या या संत बाईंची नात, उंबरठ्यावर आडव्या पडलेल्या त्याच मुलाची मुलगी. माहेरचं नाव मारी द राब्युताँ-शाँताल, जन्म 1626 चा, पॅरिसमधला. बाप गेला तेव्हा ती दीडेक वर्षाची होती. पुढे तिने लग्न होऊन दूर गेलेल्या लेकीला जी पत्रं लिहिली, ती फ्रेंच गद्याचा अलंकार मानली जातात. लेकीच्या पत्राची टपालाच्या दिवशी वाट पाहणारी आई त्या पत्रांत पानोपानी भेटते. तिच्या काळी ‘शाँताल’ हे अजून घराण्याचंच नाव होतं, मुलींचं झालेलं नव्हतं.

हे नाव फ्रान्समध्ये कधी लोकप्रिय झालं?

विसाव्या शतकाच्या मध्याला. आधी ते मुख्यतः खानदानी कॅथलिक घरांत होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1950 च्या आसपास, सगळ्या थरांत पसरलं. मार्तिन, मोनिक, निकोल, ब्रिजित यांच्या बरोबरीचं. त्यामुळे आज फ्रान्समध्ये ‘शाँताल’ म्हटलं की सत्तरीच्या आजी डोळ्यांसमोर येतात, जशा आपल्याकडे सुमन किंवा कुसुम म्हटल्यावर येतात. तिथे तान्ह्या बाळाला हे नाव आता सहसा कुणी ठेवत नाही. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये ही लाट थोडी उशिरा, 1960 आणि 1970 च्या दशकांत आली.

कायद्याचाही यात वाटा आहे. 1803 सालच्या कायद्याने फ्रान्समध्ये बाळाला पंचांगातलं, म्हणजे संतांच्या दिनदर्शिकेतलं, किंवा प्राचीन इतिहासातलंच नाव देता येत असे. नोंदणी करणारा अधिकारी बाकीची नावं नाकारू शके. 1993 मध्ये आईबापांना खरी मोकळीक मिळाली. दीडशेहून जास्त वर्षं संतांच्या यादीत असणं हे नावाला टिकवून धरणारं होतं.

‘मारी-शाँताल’ म्हटलं की फ्रेंच लोक हसतात, ते का?

1950 च्या दशकात झाक शाझो या नर्तकाने मारी-शाँताल नावाचं एक पात्र रचलं. पॅरिसच्या श्रीमंत वस्तीतली, जगाचा गंध नसलेली, नखरेल मुलगी. ते पात्र इतकं गाजलं की नाव विशेषण होऊन बसलं.

गंमत नव्हे, मला यात वाईट वाटतं ते पुढचं. जर्मनीत नेमकं उलटं झालं. तिथे 1990 च्या आसपास हे नाव कामगार घरांत आवडलं, आणि शिकलेल्या लोकांनी त्याला ‘खालच्या थरातलं’ ठरवलं. अशा परदेशी वळणाच्या नावांची टिंगल करायला ‘शांतालिस्मुस’ असा शब्दच रूढ झाला. 2009 साली ओल्डेनबुर्ग विद्यापीठातल्या एका अभ्यासात दिसलं की प्राथमिक शिक्षकांच्या मनात केव्हिन, शाँताल अशा नावांच्या मुलांबद्दल आधीच वाईट मत असतं. एकाच नावावर फ्रान्समध्ये श्रीमंत म्हणून हसतात आणि जर्मनीत गरीब म्हणून. हजेरी घेताना नावावरून मुलाची जात, घर, ऐपत ओळखू पाहणारे आपणही असतो. शिक्षिका म्हणून मी हा अभ्यास दरवर्षी स्वतःला आठवून देते.

या नावाच्या प्रसिद्ध बायका कोण?

माझ्या मनात तिघी आहेत. शाँताल आकेरमान, बेल्जियमच्या चित्रपट दिग्दर्शिका, जन्म ब्रसेल्समध्ये 1950 चा. 2022 साली ‘साइट अँड साउंड’ या सिनेमाच्या मासिकाने आजवरच्या सर्वोत्तम चित्रपटांसाठी घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात त्यांनी 1975 मध्ये केलेला चित्रपट पहिल्या क्रमांकावर आला. त्या पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबातल्या, आई आउश्विट्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेली. त्या घरात एका कॅथलिक संताचं नाव आलं, म्हणजे तोवर ते संताचं उरलं नव्हतं, सगळ्यांचं झालं होतं.

शाँताल पेतिक्लेर या क्यूबेकच्या व्हीलचेअर धावपटू. तेराव्या वर्षी शेतावरच्या कोठाराचं दार अंगावर पडून पाय गेले. पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 21 पदकं मिळवली, त्यांतली 14 सुवर्ण. 2016 मध्ये त्या कॅनडाच्या सिनेटवर गेल्या.

आणि गिर्यारोहक शाँताल मोद्युई. 1992 साली त्यांनी केटू सर केलं आणि 1998 मध्ये नेपाळात धवलगिरीवर त्यांना मृत्यू आला. खडकाच्या नावाची ही बाई आयुष्यभर खडकांवरच राहिली.

चक्रीवादळाला हे नाव का देतात?

अटलांटिक महासागरातल्या वादळांसाठी नावांच्या सहा याद्या आहेत आणि त्या दर सहा वर्षांनी फिरून येतात. एका यादीत हे नाव आहे. 1983, 1989 पासून ते 2019, 2025 पर्यंत ते येत राहिलं. यादीत इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच अशी त्या किनाऱ्यांवरची नावं असतात, एवढंच कारण.

या नावाचा वाढदिवस, म्हणजे संतदिन, कधी असतो?

संत वारल्या 13 डिसेंबरला, पण तो दिवस आधीच संत लुसीचा. म्हणून 1970 पासून आदल्या दिवशी, 12 डिसेंबरला, त्यांचं स्मरण होऊ लागलं. पुढे 12 डिसेंबर ग्वादालूपेच्या मरियेला दिला गेला, तेव्हा 2001 मध्ये रोमच्या दिनदर्शिकेत हा दिवस 12 ऑगस्टवर गेला. फ्रान्समधल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात मात्र शाँतालचा दिवस म्हणून 12 डिसेंबरच छापलेला दिसतो. त्या दिवशी या नावाच्या आजीला फोन करून शुभेच्छा द्यायची पद्धत आहे.

रास कोणती येईल?

आद्याक्षरावरून पाहणारे ‘शा’ला ‘सा’ धरतात. म्हणजे शतभिषा नक्षत्र, कुंभ रास. फ्रेंच परंपरेत असं काही नाही.

शँटेल, शाँटेल हे वेगळं नाव आहे का?

त्याच नावाचं इंग्रजी आणि अमेरिकी वळण. तिथे शेवटचं ‘आल’ जाऊन ‘एल’ झालं आणि ‘त’चा ‘ट’ झाला. लिहिण्याच्या तर डझनभर तऱ्हा आहेत.

आम्ही मुलीचं नाव शाँताल ठेवू का?

मागच्या वर्षी माँट्रियलला राहणाऱ्या एका मराठी जोडप्याने मला हे विचारलं होतं. त्यांना असं नाव हवं होतं, जे तिथल्या शाळेतही बोलता येईल आणि सांगलीच्या आजीलाही. मी त्यांना सांगितलं, आजी ‘शांताल’च म्हणणार आणि पुढे ‘शांते’ अशी हाक मारणार, ते चालेल का बघा. तिथल्या शाळेत हे नाव मुलांना आपल्या आईच्या किंवा आजीच्या वयाचं वाटेल, तेही बघा. आणि ती मोठी झाल्यावर अर्थ विचारेल तेव्हा तिला ‘गाणं’ म्हणून सांगू नका. तिला उंबरठा ओलांडणाऱ्या त्या बाईची गोष्ट सांगा, जहागिरीचे हिशेब आणि सासऱ्यांचं घर यांच्यासकट.

त्यांनी तिचं नाव शैला-शाँताल ठेवलं. आजी शैलाच म्हणते.